गोळी सोडवायची, पण पायरीपायरीनं

घरातल्या बाईचं दुखणं बहुतेक घरांत दुखणं म्हणून धरलंच जात नाही. ती उभी आहे, स्वयंपाक होतोय, धुणीभांडी होताहेत, म्हणजे तिला बरं आहे, असा सरळ हिशेब असतो. तिला उभं ठेवायला एखादी गोळी उपयोगी पडत असेल, तर त्या गोळीबद्दल कुणी काही विचारत नाही. प्रश्न सुरू होतात ते गोळी सुटत नाही असं कळल्यावर. मग सगळं घर एकदम जागं होतं आणि बोट दाखवतं ते बाईकडेच.

मैत्रिणींनो, आज मी लिहितेय ते दुखण्यावरच्या एका वेगळ्या गटातल्या गोळ्यांबद्दल. ताप-डोकेदुखीची साधी गोळी वेगळी आणि ह्या वेगळ्या. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फीन ही त्यांची नावं. ही सगळी अफूच्या कुळातली किंवा तिच्यासारखं काम करणारी औषधं. ऑपरेशननंतर, मोठ्या अपघातात, कॅन्सरच्या वेदनेत ती वरदान ठरतात. तिथं ती घ्यायला अजिबात घाबरू नये. अडचण होते ती पंधरा दिवसांसाठी दिलेली गोळी चार-चार वर्षं चालू राहते तेव्हा.

नसेच्या दुखापतीत हे हमखास घडतं. हाड मोडलं तर प्लॅस्टर दिसतं, जखम झाली तर टाके दिसतात. नस दुखावली तर वरून काहीच दिसत नाही. आत मात्र आग होते, मुंग्या येतात, विजेचा झटका बसावा तशी कळ जाते. कधी कधी नुसता पदर घासला तरी जीव कळवळतो. तुटलेली नस भरून आलीच तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर ह्या गतीनं वाढते. म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत पोचायला वर्ष उलटतं. एवढा काळ बाई बसून राहणार कशी? मग गोळी घ्यायची आणि कामाला लागायचं.

आमच्या महिला मंडळात येणाऱ्या एका बाईचं असंच झालं. दुचाकीच्या मागे बसलेली असताना ती पडली आणि खांद्याजवळची नस दुखावली. डॉक्टरांनी ट्रामाडॉल लिहून दिली. पुढं परत दाखवायला जाणं झालंच नाही. जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या येत राहिल्या. दिवसाला दोनच्या चार झाल्या, चारच्या सहा झाल्या. कारण शरीर सरावतं आणि तेवढ्याच गोळीनं भागेनासं होतं. वर, वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींच्या बाबतीत ही औषधं दुखणं उलट जास्त जाणवायला लावतात. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो हा प्रकार.

एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. गैरवापर रोखायला ते गरजेचं होतं. पण पुढं एक दिवस दुकानदारानं तिच्या नवऱ्याला सांगितलं, "ही नशेची गोळी आहे, मी देणार नाही." झालं! सासूबाईंनी उरलेल्या गोळ्या गटारात टाकल्या. "आजपासून बंद" असा हुकूम निघाला.

दुसऱ्या दिवसापासून तिला दरदरून घाम, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब. अंगावर काटा यायचा, पाय एका जागी ठरत नव्हते, डोळ्याला डोळा लागत नव्हता. आणि दुखणं दुप्पट. घरचे म्हणत होते, "बघा, नशा उतरतेय." कुणी अंगारा आणला. ती मात्र मला एवढंच म्हणाली, "ताई, मी दारुडी हाय व्हय?"

ती दारुडी नव्हती. इथं एक फरक नीट समजून घेऊया. शरीराला औषधाची सवय लागणं वेगळं आणि व्यसन लागणं वेगळं. ही औषधं महिनोन्महिने घेतली की कुणाच्याही शरीराला त्यांची सवय लागते. मग ती कीर्तनाला जाणारी आजी असो की शाळेतल्या बाई असोत. औषध अचानक तोडलं की शरीर बंड करतं. व्यसनात माणूस नुकसान दिसत असूनही त्या पदार्थामागे धावतो, त्याच्यासाठी घरदार पणाला लावतो. सवयीतून व्यसन लागूही शकतं, म्हणून सावध राहायलाच हवं. पण दोन्हींवर उपाय शिव्याशाप हा नाही.

आपल्याकडं ही गोष्ट नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या बाळांना अफूची गोळी देऊन निजवत असत. हौस म्हणून नव्हे, बाळाला बघायला कुणी नव्हतं म्हणून. आज आपण स्वतःलाच गोळी देऊन कामाला लावतो. कारण तेच. काम थांबवता येत नाही आणि ते उचलायला दुसरं कुणी नाही.

मग गोळी सोडवायची कशी? जोतिबाचा डोंगर उतरताना आपण उडी मारत नाही, एकेक पायरी बघून उतरतो. इथंही तसंच. अमेरिकेतल्या औषध प्रशासनानं एप्रिल २०१९ मध्ये बजावून सांगितलं, की ही औषधं एकदम तोडल्यामुळे रुग्णांना असह्य वेदना झाल्या, मनावर परिणाम झाला, आत्महत्याही घडल्या. वर्षापेक्षा जास्त काळ औषध चालू असेल, तर महिन्याला साधारण दहा टक्के किंवा त्याहूनही हळू कमी करणं बऱ्याच जणांना झेपतं, असं तिथल्या २०२२ च्या मार्गदर्शनात आहे. पण हा आकडा वाचून घरीच गोळ्यांचे तुकडे करू नका. काही गोळ्या तोडून चालतच नाहीत. किती आणि कधी कमी करायचं ते डॉक्टरच ठरवतील. मधे एखाद्या पायरीवर थांबावं लागलं तर ती हार नव्हे.

नसेच्या दुखण्याला त्याची स्वतःची औषधंही असतात, ती वेगळ्या गटातली. व्यायामोपचाराचा आधार असतो. गोळी कमी करताना हे दुसरं बळ उभं करावं लागतं. आणि दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. ह्या गोळ्यांबरोबर झोपेची गोळी किंवा दारू घेतली, तर झोपेत श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. तसंच काही दिवस औषध बंद राहिलं आणि दुखतंय म्हणून पुन्हा जुन्याइतकं घेतलं, तर तेही जिवावर बेततं. गरोदर बाईनं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध अचानक थांबवूच नये.

दाद कुठं मागायची? कोल्हापुरात आपलं सीपीआर रुग्णालय आहे. नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या आधारासाठी १४४१६ हे सरकारी मोफत फोन आहेत. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट ह्यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं 'मुक्तांगण' आहे. तिथं बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. तिथं जायची पाळी आली तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. आजार आहे, उपचार आहे.

त्या बाईला आम्ही सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळी आधी पुन्हा सुरू केली, मग आठ महिन्यांत उतरवत आणली. दर वेळी कमी केली की चार-सहा दिवस वाईट जायचे. त्या दिवसांत म्हशीची धार नवरा काढायचा, पाणी मुलगा भरायचा. सासूबाई रात्री तिच्या हाताला शेक देत बसायच्या. ज्यांनी गोळ्या गटारात टाकल्या, त्याच ह्या सासूबाई. दुखणं पूर्ण गेलंय असं मी म्हणणार नाही. थंडीत हात ठणकतोच. पण आता ती त्या गोळीवाचून आहे, आणि हात ठणकला तर "आज माझ्याच्यानं भाकरी व्हायच्या न्हाईत" असं सरळ सांगते.

माझ्या मते औषधाइतकाच गुण आला तो ह्या वाक्याला आणि ते ऐकून घेणाऱ्या घराला. तुमच्या घरी, शेजारी एखादीच्या उशाशी अशी पाकिटं दिसली, तर ती फेकू नका आणि तिला नावं ठेवू नका. "किती दिवस घेतेस गं? चल, डॉक्टरांना विचारू," एवढं म्हणा. आणि त्या दिवसाचा तिचा स्वयंपाक कोण करणार, तेही ठरवूनच निघा.