प्रदक्षिणेचे 360 अंश



सातवी-आठवीतील मुलांना बहुभुजाकृतीच्या आंतरकोनांची बेरीज विचारावी, तर ‘बाजूंच्या संख्येतून दोन वजा करून 180 ने गुणावे’ हे सूत्र ती तत्काळ म्हणून दाखवितात. ते दोन का वजा करावयाचे, असे विचारताच बहुतेक गप्प होतात. कर्ण काढून त्रिकोण पाडण्याची रीत निर्दोष आहे, यात शंका नाही. परंतु शिकविताना बाह्यकोनाला बहुधा शेवटची जागा मिळते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

याचे कारण असे की, आपल्या घरातील मुलांच्या पायांना बाह्यकोन आधीपासून ठाऊक असतो. मंदिरात आपण रत्नत्रयाचे स्मरण करीत तीन प्रदक्षिणा घालतो. चौकोनी गाभाऱ्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर उजवीकडे वळावे लागते. सरळ जाण्याची दिशा सोडून आपण जितके वळलो, तितका तेथील बाह्यकोन. चार वळणे, प्रत्येकी 90 अंशांची. निघालो त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून पुन्हा उभे राहिलो की एकूण 360. गाभारा सुसम षटकोनी असता तर 60 अंशांची सहा वळणे, अष्टकोनी असता तर 45 अंशांची आठ. बाजू व कोन असमान असले तरी बेरीज ढळत नाही.

प्रत्येक कोपऱ्यावर आंतरकोन आणि बाह्यकोन मिळून 180 अंश होतात. पंचकोनाचे असे पाच कोपरे, म्हणजे 900 अंश. त्यातून एका प्रदक्षिणेचे 360 वजा केले की आंतरकोनांचे 540 उरतात. सूत्रातील ‘दोन’ म्हणजे 180 ची दोन माने, अर्थात हीच प्रदक्षिणा.

येथे थोडे विषयांतर. नवव्या शतकात राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष याच्या काळात महावीराचार्यांनी रचलेल्या ‘गणितसारसंग्रहा’त त्रिभुज, चतुर्भुज, वर्तुळ, इतकेच नव्हे तर शंख आणि मृदंग यांच्या आकारांचीही क्षेत्रे मोजली आहेत, मात्र हिशेब बाजू, कर्ण व उंची यांवर चालतो, अंशांवर नव्हे. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने 1963 मध्ये हा ग्रंथ हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. घरात गणिताची आवड असलेले मूल असेल, तर तो अवश्य आणावा.

कोपरा आत शिरला तर काय? अंबरनाथचे शिवमंदिर यासाठी मुलांना दाखवावे. तेथील शिलालेख शके 982, म्हणजे इ. स. 1060 चा आहे. मंदिराची बाह्य भिंत सतत बाहेर येते आणि आत जाते. भिंतीलगत चालणाऱ्याला कधी उजवीकडे, कधी डावीकडे वळावे लागते. आपल्या भाषेत सांगायचे, तर उजवे वळण जमा, डावे वळण नावे. खात्यात नोंदी कितीही झाल्या तरी फेरी संपताना शिल्लक 360 च. इंग्रजी ‘एल’ आकाराच्या दुकानात हे लगेच पडताळता येते: बाहेरचे काटकोनी कोपरे पाच, आत शिरलेला एक, पाचातून एक गेला, चार काटकोन उरले.

अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या सोसायट्यांच्या आवारांत षटकोनी पेव्हर ब्लॉक दिसतात. 120 अंशांचे तीन कोपरे एकत्र आले की 360 भरतात व फट राहत नाही. सुसम पंचकोनाचा कोन 108 अंशांचा. तीन मिळून 324, आणि 36 अंशांची जागा उघडी राहते.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात मात्र हा विषय थेट पैशाचा होतो. आरशाची अष्टकोनी चौकट करणाऱ्या सुताराला प्रत्येक पट्टीचे टोक बाह्यकोनाच्या निम्म्याने, म्हणजे साडेबावीस अंशांनी कापावे लागते. टोके सोळा. प्रत्येक काप अर्धाच अंश कमी पडला, तरी एकूण आठ अंश कमी. बेरीज 352 होते आणि शेवटचा सांधा उघडा राहतो. तो लांबी भरून झाकला, तर पॉलिशखाली काही महिने दडतो, मग लाकूड सुकताच दिसू लागतो आणि गिऱ्हाईक बिल घेऊन दुकानाच्या पायरीवर येते. अशी चौकट परत आली, तर ती दुरुस्तीला धाडण्यापूर्वी घरच्या सातवीतल्या मुलाच्या हाती कोनमापक द्यावा आणि सोळाही टोके त्यालाच मोजू द्यावीत.