प्रमाणपत्र भिंतीवर, ठिबक भंगारात

मागच्या आठवड्यात जुन्या पंख्याचा एक पार्ट शोधायला भंगारवाल्याकडे गेलो होतो. कोपऱ्यात काळ्या नळ्यांच्या भेंडोळ्यांचा डोक्याएवढा ढीग. ठिबकच्या नळ्या. काही तर बऱ्यापैकी नव्या दिसत होत्या.

"किलोवर घेतो. उन्हाळा संपला की लई येतात," तो म्हणाला.

ते पाहून ओळखीच्या एका आप्पांची आठवण झाली. पावणेदोन एकर रान, एक विहीर. तीन वर्षांपूर्वी त्यांनी अनुदानावर ठिबक घेतलं, प्रशिक्षणालाही गेले. त्या कार्यक्रमाचा फोटो मीच काढला होता, म्हणून पक्कं लक्षात आहे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेतावर गेलो. प्रमाणपत्र भिंतीवर होतं. ठिबक नव्हतं.

"दुसऱ्याच उन्हाळ्यात निम्म्या भोकांतून थेंब येईना. मिरचीचं एक झाड हिरवं, शेजारचं करपलेलं. मग काय, दिलं पाटानं पाणी," आप्पा म्हणाले.

मी विचारलं, "नळ्यांची टोकं उघडून धुतल्या होत्या का? फिल्टर कधी साफ केला होता?"

"ते उघडायचं असतं हे कुणी सांगितलं?"

खरं सांगतो, मान खाली गेली. कारण तो कार्यक्रम मला आठवतो. वेळ 11 ची, पाहुणे आले साडेबाराला. दीपप्रज्वलन, हारतुरे, 'पाणी हेच जीवन' यावर तीन भाषणं, मग पडद्यावर स्लाइड, जेवण, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. दिवसभरात पाण्याच्या थेंबाला कुणी हात लावला नाही. एक फिल्टर उघडून दाखवला नाही. आणि आलेली प्रेसनोट जशीच्या तशी मी छापायला पाठवली. 'शेतकऱ्यांना सूक्ष्म सिंचनाचे मार्गदर्शन.' अशा किती बातम्या दिल्या असतील, मोजल्या नाहीत.

आता पैशाचं बघा. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला केंद्र-राज्य मिळून 80 टक्के, बाकीच्यांना 75 टक्के अनुदान (ठरलेल्या खर्च मर्यादेत). हा तुमच्या-माझ्या कराचा पैसा. आणि एकदा अनुदान घेतलं की त्याच जमिनीवर पुन्हा मिळायला 7 वर्षं थांबावं लागतं. म्हणजे संच दुसऱ्या वर्षी बंद पडला, तर पुढची पाच वर्षं तो शेतकरी पुन्हा पाटावर. विहीर लवकर तळ गाठते आणि आप्पांसारखा माणूस मार्चमध्येच पीक सोडून देतो.

आपल्याकडे ज्ञान कमी आहे असं नाही. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. जिल्ह्या-जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं आहेत. संभाजीनगरला 1980 पासून वाल्मी आहे. तिथं खरोखर जाणती माणसं आहेत. अडचण अहवालात आहे. अहवालात 'उपस्थित शेतकरी' असा रकाना असतो. 'दोन वर्षांनी किती संच चालू' असा रकाना मी तरी कुठे पाहिला नाही. जे मोजायचं नाही, त्याची काळजी कोण करणार?

वेगळं करता येतं, हेही आपल्याच भागात दिसतं. जालन्याजवळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याच्या 5 तारखेला शेतकरी जमतात. मागच्या महिन्यात काय चुकलं, ते पुढच्या महिन्यात विचारता येतं. पाणी फाउंडेशनने 2016 पासून वॉटर कपसाठी गावकऱ्यांना निवासी प्रशिक्षण दिलं. तिथं शिकलेलं लगेच गावात जाऊन 45 दिवस हातानं करायचं असे. कुणाला त्या कामाबद्दल आक्षेप असतील, असू द्या. पण शिकवणं आणि करणं यात अंतर ठेवलं नाही, हे मान्य करावं लागेल.

माझ्या मागण्या साध्या आहेत:

1. प्रशिक्षण सभागृहात नको, चालू संच असलेल्या शेतात घ्या. फिल्टर शेतकऱ्याच्या हातानं उघडू द्या. क्षार साचले तर काय करायचं, दाब किती हवा, वापसा बघून पाणी कधी थांबवायचं, हे तिथंच कळतं.
2. संच बसल्यावर पहिल्या दोन हंगामांत किमान तीन वेळा शेतावर जा.
3. घरातल्या बाईलाही बोलवा. सातबारा नवऱ्याच्या नावावर असतो, पण पाणी सोडायला अनेकदा तीच असते.
4. चार-पाच गावांमागे एक तरुण दुरुस्तीसाठी तयार करा. गावाची सोय, त्याला रोजगार.
5. दोन वर्षांनी चालू संच मोजा आणि आकडा जाहीर करा.

सुरुवात माझ्यापासून करतो. इथून पुढे प्रशिक्षणाच्या बातमीत मी एक प्रश्न विचारणार: मागच्या वर्षी ज्यांना शिकवलं, त्यांचे किती संच आज चालू आहेत? उत्तर नसेल, तर तेही छापणार. निमंत्रणं कमी येतील, येऊ द्यात.

तुमच्या शेतातलं ठिबक चालू आहे का? बंद पडलं असेल तर कशानं? कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. ही यादी घेऊन मी तालुका कृषी कार्यालयात जाणार आहे.