क्लोझापिन: रक्त तपासलं, पोटाचं काय?

"मनोविकारावरच्या गोळ्या म्हणजे विष" असं फॉरवर्ड आलं की मला क्लोझापिन आठवतं. १९७५ साली फिनलंडमध्ये या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटून काही रुग्ण दगावले आणि अनेक देशांत ते मागे घेतलं गेलं. पण १९८८च्या अमेरिकी चाचणीत, इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी ३० टक्के जण क्लोझापिनने सुधारले. जुन्या क्लोरप्रोमाझिनने जेमतेम ४. म्हणून ते परत आलं, नियमित रक्ततपासणीच्या अटीवर.

माझी तक्रार वेगळीच आहे. पेशींची धास्ती एवढी, की बाकीचं कुणी विचारेना. वजन, साखर आणि बद्धकोष्ठ! हसू नका. या औषधाने आतड्यांची हालचाल मंदावते, कधी थांबतेच, आणि त्यात माणूस जाऊ शकतो. एफडीएने याबद्दलचा इशारा कडक केला तो थेट २०२० साली.

तेव्हा घरचं कुणी हे औषध घेत असेल, तर फोनवर "गोळ्या घेतोस ना?" यासोबत "पोट साफ होतं ना?" हेही विचारा. उत्तर "नाही" आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गोळी मात्र परस्पर बंद करायला सांगू नका. आजार उसळून येतो.