आधी अंक, मग कथा

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही काव्यवाचनाला जा, एखादा नवा लेखक म्हणतोच, "मी इतरांचं फारसं वाचत नाही, माझ्या लेखनावर छाप पडेल." आणि लगेच विचारतो, "कथा कुठे पाठवू?" ज्या मासिकातले लेखक आपण वाचणार नाही, त्याच मासिकाच्या वाचकांनी आपल्याला मात्र वाचावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

छाप पडण्याचं भय मराठीच्या इतिहासातच खोटं ठरलं आहे. 'सत्यकथा' या मासिकाविरुद्ध लेखक राजा ढाल्यांनी केलेलं बंड आठवा. 1969 साली त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'चा अंक गिरगावात जाळला. पण ढाल्यांनी 'सत्यकथेची सत्यकथा' हा लेखही लिहिला, आणि असा लेख अंक बारकाईने वाचल्याशिवाय लिहिता येत नाही. कवी अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे 'शब्द' या अनियतकालिकाकडे वळले, तेही प्रस्थापित मासिकांत काय बसत नाही हे ओळखूनच. न वाचणाऱ्याला आपण वेगळे आहोत हे कळणार कशावरून?

"ओळखीशिवाय कोण छापतं?" हा दुसरा आक्षेप. कंपू आहेत, ते मी नाकारत नाही. पण 'कवितारती' हे कवितेला वाहिलेलं नियतकालिक आहे. तिथे पाठवलेली कथा वशिल्याअभावी परत येत नाही. दिवाळी अंकांचं बरंचसं साहित्य पावसाळ्यातच ठरतं. नवरात्रात पोचलेल्या कथेला जागा कुठून मिळणार? 'सत्यकथे'चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवख्या लेखकांना सविस्तर पत्रं लिहून कथेवर पुन्हा काम करायला लावत. त्या पत्रांमागची अपेक्षा 'सत्यकथा' वाचणाऱ्यालाच नीट उमगली असेल.

खर्चाची तक्रार मात्र खरी आहे. एकेक दिवाळी अंक आता काही शे रुपयांना पडतो. पण पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघात, मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात ग्रंथालयं आहेत, आणि ठराविक रक्कम भरून हंगामभर अंक वाचायला देण्याची योजना अनेक वाचनालयं चालवतात. 'मुक्त शब्द' हे मासिक तर बोरिवलीतूनच निघत आलं आहे. आणि ज्याला परवडतं त्याने वर्गणी भरावीच. 'सत्यकथा'सुद्धा 1982 साली बंद पडली. लिहिणाऱ्यांनीच पाठ फिरवली तर आजची मासिकं कुणाच्या बळावर टिकतील?

म्हणून पाठवण्याआधी मागचे तीन-चार अंक घेऊन बसा. कथा किती पानांपर्यंत जातात, एका कवीच्या किती कविता एकत्र येतात, बोलीतले संवाद तसेच ठेवले जातात का, संपादकीयात कशाची चीड आहे, हे पाहा. आपली कथा तिथली नाही असं वाटलं, तर दुसरं मासिक शोधा. तिथलीच वाटली, तर घाई न करता ती आणखी एकदा लिहून काढा आणि मग पाठवा.