किती स्टॉप, हे पाणीच सांगते

हिमालयातल्या सरोवरांची छायाचित्रे प्रदर्शनांत पाहताना एक दोष वारंवार जाणवतो: वर शिखर मंद, राखाडी आणि खाली पाण्यात तेच शिखर लखलखीत. चंद्रताल असो वा पँगाँग, सूर्यप्रकाशात न्हालेल्या हिमशिखराच्या बाबतीत असे प्रत्यक्षात घडू शकत नाही. पाणी पडलेल्या प्रकाशाचा काही भागच परत फेकते, बाकीचा आत शिरतो. आकाश जळू नये म्हणून लावलेला ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर गरजेपेक्षा जड झाला की हा क्रम उलटतो आणि चित्रावरचा विश्वास उडतो. म्हणून सरोवराच्या छायाचित्रात फिल्टरची ताकद आकाशाच्या उजेडावरून ठरवू नये. शिखर आणि त्याचे प्रतिबिंब यांच्यातल्या फरकावरून ठरवावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

हा फरक अंदाजावर सोडण्याचे कारण नाही. फ्रेनेलच्या समीकरणांनुसार, क्षितिजापासून 5 अंश उंच दिसणाऱ्या शिखराचा सुमारे 58 टक्के प्रकाश संथ पाणी परत देते; प्रतिबिंब जेमतेम पाऊण स्टॉपने गडद होते. 10 अंशांवर हे प्रमाण 35 टक्के, म्हणजे दीड स्टॉप. 15 अंशांवर 21 टक्के, म्हणजे सव्वादोन. कॅमेरा जमिनीलगत नेला तरी दूरच्या शिखराचा कोन तोच राहतो, त्यामुळे फरकही तोच. आता हिशेब करून पाहा. 0.9 घनतेचा, तीन स्टॉपचा फिल्टर या तिन्ही ठिकाणी मर्यादा ओलांडतो. 0.6 चा 15 अंशांवर कसाबसा चालतो. 10 अंशांवर उपयोगी पडतो तो 0.3 चा, ज्याला पुष्कळजण किरकोळ समजून घरी ठेवतात. आणि 5 अंशांवर तोही जास्तच होतो. प्रत्यक्ष जागेवर गणित नको, स्पॉट मीटर पुरे: उन्हातल्या बर्फाचे माप घ्यावे, मग त्याच बर्फाच्या प्रतिबिंबाचे आणि त्या फरकापेक्षा शक्यतो अर्धा स्टॉप हलका फिल्टर निवडावा. माप काळ्या उतारावर मात्र घेऊ नये. तिथे पाण्यातला गाळ आणि तळ यांच्याकडून येणारा उजेड प्रतिबिंबात मिसळतो आणि मीटर फसतो. सुमारे 4,300 मीटर उंचीवरच्या चंद्रतालला दिवसा विरळ हवेमुळे आकाश मुळातच गर्द निळे असते. तिथे सवयीने जड काच लावणे म्हणजे आधीच गडद असलेले आकाश काळवंडून टाकणे.

यावर पहिला आक्षेप असा की आता फिल्टरच कशाला? छायाचित्रकार गेलन रॉवेल यांनी हे तंत्र लोकप्रिय केले ते स्लाइड फिल्मच्या काळात, जेव्हा उजेड आणि सावली यांच्यातला अगदी मर्यादित फरकच फिल्म पेलू शकत असे. आजच्या सेन्सरची झेप कितीतरी मोठी आहे, शिवाय दोन-तीन एक्स्पोजर जोडताही येतात. हे खरे आहे आणि दातेरी कड्यांच्या रांगेपुढे तोच मार्ग अधिक चांगला, कारण सरळ रेषेचा फिल्टर सुळक्यांनाही झाकोळतो. पण वाऱ्याने पाणी हलले की वेगवेगळ्या एक्स्पोजरमधल्या लहरी जुळत नाहीत. मुख्य म्हणजे, संगणकावरचा ग्रेडियंट किती ओढायचा हे सेन्सर सांगत नाही. तिथे हात अधिकच सैल सुटतो, म्हणून प्रतिबिंबाची मर्यादा तिथेही तितकीच पाळावी लागते. दुसरा आक्षेप कलेच्या स्वातंत्र्याचा. कोणी जाणूनबुजून वास्तव मोडत असेल तर त्याला आमची हरकत नाही. परंतु निसर्गचित्र म्हणून मांडलेल्या छायाचित्रात नकळत झालेल्या चुकीला स्वातंत्र्य म्हणता येणार नाही.

खरी कसोटी पहाटेची असते. शिखरावर ऊन आणि पायथा सावलीत, अशा वेळी हार्ड एजची रेषा सरळ दिसणाऱ्या पलीकडच्या काठावर ठेवण्याचा मोह होतो. तसे केल्यास सावलीतला उतार काळाठिक्कर पडतो आणि त्याचे प्रतिबिंब मात्र तपशिलासह उजळ राहते. इथे सॉफ्ट एज घ्यावा आणि त्याचा उतरता भाग उन्हाच्या रेषेपासून खाली काठापर्यंत पसरू द्यावा. तो कुठे पडतो हे ठरलेले ॲपर्चर लावूनच तपासावे, कारण ॲपर्चर लहान केले की कड अधिक स्पष्ट उमटते. पोलरायझर वापरणार असाल तर तो आधी फिरवून पक्का करावा आणि मगच मोजमाप घ्यावे: पोलरायझर प्रतिबिंब खातो, फरक वाढतो आणि आधी घेतलेले माप निकामी ठरते.