वाट सांगणाऱ्याची शिळा

अमेरिकेतील वायोमिंग राज्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ७,४०० फूट उंचीवर, साउथ पास ही खिंड आहे. खिंड म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारे उभे कडे येथे नाहीत. आहे ते गवताचे आणि खुरट्या झुडपांचे विस्तीर्ण पठार. रॉकी पर्वत येथे इतका सौम्य होतो की भरलेल्या बैलगाड्याही तो ओलांडू शकत. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ओरेगॉन व कॅलिफोर्नियाकडे निघालेली लाखो माणसे याच वाटेने पश्चिमेस गेली.

१८६९ मध्ये पूर्व आणि पश्चिम लोहमार्गाने जोडल्या गेल्या आणि गाडीवाट ओस पडत गेली. १८५२ मध्ये पत्नी व तान्ह्या मुलासह ती तुडविणाऱ्या एझ्रा मीकर यांना हे विस्मरण सहन झाले नाही. १९०६ मध्ये, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, बैलजोडी जुंपून ते त्याच वाटेने उलट निघाले आणि ठिकठिकाणी स्मारके उभी केली. साउथ पासच्या शिळेवर त्यांनी वाटेचे नाव आणि १८४३ ते ५७ हा काळ कोरविला. शेजारी १९१६ ची दुसरी शिळा आहे. १८३६ मध्ये खिंड ओलांडणाऱ्या दोन 'पहिल्या गोऱ्या स्त्रियां'ची ती स्मृती होय.

मीकर यांची तळमळ वंदनीयच. तथापि वाट १८४३ मध्ये जन्मली नव्हती. १८१२ मध्ये पॅसिफिक किनाऱ्याकडून परतणारे फरचे व्यापारी रॉबर्ट स्टुअर्ट यांना दक्षिणेकडून जवळची वाट असल्याचे सांगितले, ते एका शोशोनी माणसाने. ज्यांना आपण आद्य प्रवासी म्हणतो, ते वस्तुतः दुसऱ्यांच्या ओळखीच्या भूमीतून चालले होते. त्याच मार्गावरील मैदानी जमातींशी १८५१ मध्ये फोर्ट लॅरमी येथे करार झाला. रस्त्यांना मुभा देण्याच्या बदल्यात पन्नास वर्षे दरवर्षी पन्नास हजार डॉलरचा मोबदला ठरला. सिनेटने ती मुदत दहा वर्षांवर आणली. वाट मिळाली, वचन मात्र आखडले.

एका दगडावर सारा इतिहास मावत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. म्हणून जुन्या शिळांना हात लावण्याचे कारण नाही. त्यांवरील अक्षरे त्या काळाची साक्ष आहेत. पण स्मारक ही एक प्रकारची नोंदवही असते, आणि नोंदवहीत केवळ जमेची बाजू लिहून हिशेब पुरा होत नाही. त्या दोन शिळांच्या शेजारी तिसरी शिळा उभी राहावी. तिच्यावर १८१२ हे साल असावे आणि वाट सांगणाऱ्या त्या शोशोनी माणसाचा उल्लेख असावा. मीकर यांनी विस्मरणाविरुद्ध जो प्रवास आरंभिला, तो तेव्हाच पूर्णत्वास जाईल.