डॉक्टरांचा कायदा

मुंबईचे सर्जन डॉ. गो. वि. देशमुख दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले, आणि तिथे त्यांनी हात घातला तो एकत्र कुटुंबाच्या एका जुन्या दुखण्याला.

नवरा गेला, की एकत्र घरातल्या बाईला हक्क उरे तो अन्नवस्त्राचा. तोही बहुधा दिराच्या मर्जीवर. डॉक्टरांच्या खटपटीने १९३७ साली हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता-हक्काचा कायदा झाला आणि विधवेला मुलाइतका वाटा मिळाला. ‘देशमुख कायदा’ असेच त्याचे नाव पडले.

दुखणे मात्र अर्धेच बरे झाले. वाटा मिळाला तो हयातीपुरता. मूळ विधेयकातली मुलगी तर वाटेतच गळाली. विधवेला पुरी मालकी आणि मुलीला वारसांत जागा मिळाली ती १९५६ साली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीला यायला २००५ साल उजाडले.

आता कायदा आपल्या परीने मोकळा झाला. पण हक्कसोडपत्रावर बहिणीची सही मागणारे भाऊ आजही आहेत. भाऊबीज जवळ आली आहे. ओवाळणीच्या ताटात काय घालायचे आणि बहिणीपुढे कोणता कागद ठेवायचा नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे!